रिकिबीचे हाड आणि भामरागडचा रस्ता

मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड कानात असते. त्याचे वजन जेमतेम तीन मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याहूनही कितीतरी कमी. घोड्याच्या खोगिराला लटकणाऱ्या रिकिबीसारखा त्याचा आकार असल्याने मराठीत त्याला रिकिबीचे हाड म्हणतात. कानाच्या पडद्यावर पडलेला आवाज हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांच्या साखळीतून अंतर्कर्णापर्यंत पोहोचतो. रिकिबीला स्वाराने पाय ठेवावा तशी एक पट्टी असते. ही तळपट्टी अंतर्कर्णाच्या लंबगोल खिडकीत बसलेली असते आणि आवाजाच्या प्रत्येक कंपनागणिक आतबाहेर हलते. पडद्याचे क्षेत्रफळ तळपट्टीच्या सुमारे सतरापट असते आणि हाडांची साखळी तरफेसारखे काम करते. म्हणूनच हवेतील दुबळा आवाज अंतर्कर्णातील द्रव हलवण्याइतका बलवान होतो. ओटोस्क्लेरोसिस या विकारात नेमकी ही पट्टी खिडकीत जखडते. अंतर्कर्णाभोवतीचे हाड काही ठिकाणी झिजते, त्या जागी नवे, सच्छिद्र हाड तयार होते, पुढे ते कठीण होते आणि तळपट्टीच्या कडेला पकडून ठेवते. नस शाबूत, पडदा शाबूत, पण दरवाजा बंद, अशी ही अवस्था होय.

हा विकार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान जाणवू लागतो. पुरुषांपेक्षा स्त्रिया रुग्ण म्हणून अधिक येतात, आणि अनेकदा आई, मावशी किंवा आजोबा असे कुणीतरी घरात आधीपासून कमी ऐकणारे असते. बाळंतपणानंतर ऐकू येणे घटले असे सांगणाऱ्या स्त्रियाही पुष्कळ भेटतात; गरोदरपणाशी असलेला हा संबंध पूर्वी जितका पक्का मानला जाई, तितका तो आता मानला जात नाही. या रुग्णांची एक खूण मोठी विलक्षण आहे. नस कमजोर झालेला माणूस मोठ्याने बोलतो, कारण त्याला स्वतःचाही आवाज कमी ऐकू येतो. ओटोस्क्लेरोसिसचा रुग्ण मात्र हळू बोलतो. त्याचा स्वतःचा आवाज कवटीच्या हाडातून थेट आत पोहोचतो आणि त्याला तो मोठा वाटतो. शिवाय एस.टी.च्या घरघराटात किंवा आठवडी बाजाराच्या गलक्यात त्याला शांत घरातल्यापेक्षा बरे ऐकू येते, कारण अशा ठिकाणी समोरची माणसे आवाज चढवून बोलतात आणि गलका स्वतः त्याच्या कानापर्यंत फारसा पोहोचतच नाही. घरच्यांना वाटते, हा सोंग करतो आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या संदर्भात या विकाराचा विचार करायचा, तर पहिला प्रश्न शस्त्रक्रियेचा नसून ओळखीचा आहे. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. आज त्याच्या पश्चिमेच्या अर्ध्यात कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि महाऔष्णिक वीज केंद्र आहे, तर पूर्वेचा अर्धा भाग तीन-चतुर्थांशाच्या आसपास जंगलाने व्यापलेला आहे. पूर्वेकडे ग्रामीण भारतात सर्वत्र दिसणारे कान वाहण्याचे दुखणे इतके ओळखीचे आहे, की कमी ऐकू येते म्हटले की कान फुटला असणार, असे गृहीत धरले जाते. पश्चिमेकडे खाणीत किंवा कारखान्यात काम करणाऱ्या माणसाचे बहिरेपण आवाजामुळे आले, असे तितक्याच सहजतेने ठरते. दोन्ही अंदाज बहुतेक वेळा बरोबरही असतात. पण ज्याचा पडदा अखंड आहे, कान कोरडा आहे आणि तरीही ज्याला दहा वर्षांत हळूहळू ऐकू येईनासे झाले आहे, असा माणूस या दोन्ही गृहीतकांच्या मधल्या फटीत हरवतो. आणि बहिरेपणाच्या कारणांपैकी शस्त्रक्रियेने सर्वाधिक सुधारणारी जी मोजकी कारणे आहेत, त्यांत नेमके त्याचेच कारण येते.

ही फट भरायला महागडे यंत्र लागत नाही. ५१२ कंपनांचा एक नादकाटा पुरतो. तो वाजवून आधी कानासमोर धरायचा आणि मग कानामागच्या हाडावर टेकवायचा. नस कमजोर असेल तर कानासमोर अधिक ऐकू येते. रिकीब जखडली असेल तर हाडावर अधिक. खाणकामगाराच्या बाबतीत श्रवणालेखही बोलका असतो. मोठ्या आवाजाने झालेल्या हानीत ४००० कंपनांच्या आसपास खड्डा दिसतो, तर ओटोस्क्लेरोसिसमध्ये हाडातून ऐकण्याच्या रेषेवर २००० कंपनांपाशी. हा दुसरा खड्डा कारहार्ट यांनी १९५० साली वर्णिला. गंमत अशी की तो नसेच्या हानीचा नसतोच. हाडांची साखळी अडकल्याने तो उमटतो आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाली की बहुधा पुसला जातो. एकाच माणसाला दोन्ही विकार असू शकतात, आणि खाणपट्ट्यात ही शक्यता विसरून चालणार नाही.

खिडकी उघडण्याचे प्रयत्न

रिकीब जखडलेली असते हे वालसाल्वा यांनी १७०४ साली शवविच्छेदनात पाहून लिहून ठेवले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात आणि बोस्टनमध्ये ती हलवण्याचे, प्रसंगी काढून टाकण्याचेही प्रयत्न झाले. प्रतिजैविके नव्हती, शस्त्रक्रियेसाठी सूक्ष्मदर्शक नव्हते. १९०० च्या सुमारास त्या काळच्या कर्णतज्ज्ञांनी हा मार्ग धोकादायक ठरवला आणि अर्धशतक तो जवळपास बंद राहिला. मधल्या काळात न्यूयॉर्कच्या लेम्पर्ट यांनी १९३८ साली वेगळीच वाट रूढ केली. बंद खिडकीला हात न लावता अंतर्कर्णाच्या अर्धवर्तुळाकार नलिकेला नवी खिडकी पाडायची. ऐकू येणे सुधारे, पण पूर्ण नव्हे. शिवाय कानात कायमची पोकळी राही आणि ती आयुष्यभर साफ करून घ्यावी लागे.

१९५२ साली सॅम्युअल रोझेन हे न्यूयॉर्कमध्येच अशा शस्त्रक्रियेआधी रिकीब खरोखर जखडली आहे की नाही हे तपासत होते. तपासताना ती हलली आणि भुलीविना जागा असलेला रुग्ण म्हणाला, मला ऐकू येते. काही वर्षे जगभर रिकीब हलवण्याची लाट आली. दुर्दैवाने हललेली पट्टी पुष्कळदा पुन्हा जखडे. अखेर १ मे १९५६ रोजी मेम्फिस येथे जॉन शिया यांनी संपूर्ण रिकीब काढली, उघड्या खिडकीवर शिरेचा पातळ तुकडा अंथरला आणि त्यावर टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवली. आजच्या सर्व पद्धती त्या दिवसाच्या लेकी आहेत.

पूर्ण पट्टी की लहान छिद्र?

शिया यांच्या मूळ पद्धतीला स्टेपेडेक्टमी म्हणतात. तीत तळपट्टी पूर्ण किंवा निम्मीअधिक काढली जाते. तिचा दोष तिच्या रचनेतच आहे: अंतर्कर्णाचा दरवाजा सताड उघडतो. आतला द्रव हलतो, रक्त आत जाऊ शकते, रुग्णाला काही दिवस भोवळ अधिक येते आणि बसवलेला तुकडा पुढे सरकण्याची शक्यता राहते. पुढच्या काळात, विशेषतः १९८० नंतर स्वित्झर्लंडच्या फिश आदींच्या कामामुळे, स्टेपेडॉटमी रूढ झाली. सुमारे तीन मिलिमीटर लांबीची तळपट्टी जागेवरच ठेवायची, तिच्यात पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेरचे एक छिद्र पाडायचे, त्यात ०.४ ते ०.६ मिलिमीटर जाडीचा पिस्टन सोडायचा आणि त्याचा वरचा आकडा ऐरणीच्या लांब दांडीला अडकवायचा.

या दोहोंची तुलना पुष्कळ झाली आहे. ५०० ते २००० कंपनांच्या पट्ट्यात, म्हणजे बोलण्यातील स्वरांच्या क्षेत्रात, अनुभवी हातांत दोन्हींचे परिणाम जवळजवळ सारखे येतात. फरक पडतो तो ४००० कंपनांपाशी, आणि तिथे लहान छिद्र सरस ठरते. हा फरक किरकोळ वाटेल, पण स, श, त, ख यांसारखी व्यंजने ओळखायला वरच्याच पट्टीतले आवाज लागतात. ‘साप’ म्हटले की ‘ताप’ हे कळायला स्वर पुरत नाहीत. भोवळीचा त्रासही लहान छिद्रात कमी होतो. म्हणून आज पहिल्यांदाच होणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी स्टेपेडॉटमी हीच नेहमीची निवड आहे. पूर्ण पट्टी काढणे हे ती फुटली, सुटून तरंगू लागली अशा प्रसंगी करावे लागते. नवशिक्या सर्जनने दोन्ही शिकून ठेवणे भाग आहे ते यासाठीच.

एक बारकावा सामान्य वाचकालाही रंजक वाटेल. पूर्वी रिकिबीची कमान आधी काढत आणि मग पट्टीला छिद्र पाडत. कमान मोडताना कधी पट्टीच सुटून येई. फिश यांनी क्रम उलटा केला: जमेल तिथे कमान जागेवर असतानाच आधी छिद्र, आधी पिस्टन, आणि कमान शेवटी. कमान तोवर पट्टीला आधार देत राहते. साधन बदलले नाही, फक्त क्रम बदलला आणि धोका घटला. महागड्या यंत्रांच्या चर्चेत असे फुकटचे शहाणपण मागे पडते.

लेझरचे आकर्षण

छिद्र कशाने पाडायचे, यावर मात्र आजही जाहिरातीसारखे दावे ऐकू येतात. हाताने फिरवण्याची बारीक टोकदार सुई, सूक्ष्म ड्रिल आणि लेझर असे तीन मार्ग आहेत. लेझरचा वापर पर्किन्स यांनी १९८० साली मांडला. त्याचा खरा फायदा असा, की पट्टीला स्पर्श न करता, तिच्यावर दाब न देता काम होते. म्हणून ती सुटण्याचा किंवा तडकण्याचा धोका कमी होतो आणि बारीक रक्तवाहिन्याही तिथल्या तिथे बंद होतात. एकदा फसलेली शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा करताना, पिस्टनभोवतीची चिकटलेली ऊती सोडवायला, लेझर खरोखर उपयोगी पडते. उलट बाजूला उष्णता आहे. आर्गॉनसारख्या दृश्य प्रकाशाच्या लेझरचा किरण स्वच्छ द्रवातून पार जाऊ शकतो. कार्बन डायऑक्साइड लेझरचा पाण्यातच शोषला जातो. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर मिळणाऱ्या श्रवणशक्तीचा हिशेब केला, तर लेझर आणि चांगल्या हातातील साधी सुई यांत निर्णायक अंतर दिसत नाही. ज्या कुटुंबाला लेझर नाही म्हणून नागपूर सोडून मुंबई गाठायला सांगितले जाते, त्याने हे वाक्य लक्षात ठेवावे.

दुर्बिणीतून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचीही गेल्या दीड दशकात बरीच चर्चा आहे. सूक्ष्मदर्शकाला सरळ रेषेतच दिसते, त्यामुळे रिकीब दृष्टीस पडण्यासाठी नलिकेच्या कडेचे थोडे हाड खरवडावे लागते. दुर्बीण कोपऱ्याआड पाहू शकते. चवीची नस तीत कमी दुखावते. मात्र एक हात दुर्बीण धरण्यात गुंततो आणि खोलीचा अंदाज चुकू शकतो. ऐकू येण्याचा निकाल दोन्हींत तुल्य आहे.

पिस्टन टेफ्लॉनचा असतो, टायटॅनियमचा असतो, उष्णतेने स्वतःहून आवळणाऱ्या नायटिनॉलचाही असतो. टेफ्लॉनचे पिस्टन भारतात तयार होतात आणि तुलनेने स्वस्त आहेत. पिस्टनच्या धातूपेक्षा त्याचा आकडा ऐरणीवर किती घट्ट बसला, हे अधिक महत्त्वाचे. ढिला राहिला तर आवाज येतो-जातो. फार आवळला तर ऐरणीची दांडी काही वर्षांनी झिजू शकते. वर्षानुवर्षांनी पुन्हा ऐकू येईनासे होण्याची जी कारणे आहेत, त्यांत ही झीज आणि पिस्टन सरकणे ही प्रमुख आहेत.

म्हणजे तंत्रांची तुलना अखेर सर्जनच्या हातापाशी येऊन थांबते. अनुभवी सर्जनकडे दहांपैकी आठ-नऊ रुग्णांत हवेतून आणि हाडातून ऐकण्यातील अंतर १० डेसिबलच्या आत येते. पण शंभरात एखाद्या रुग्णाचा तो कान शस्त्रक्रियेनंतर कायमचा, पूर्ण बहिरा होतो, आणि कोणत्याही तंत्राने हा आकडा शून्यावर आणलेला नाही. रुग्णाने विचारायचा प्रश्न ‘तुमच्याकडे लेझर आहे का’ हा नव्हे. ‘तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता आणि किती कान गेले’ हा आहे. आपल्याकडे डॉक्टरांना असे विचारणे उद्धटपणाचे मानतात. चांगला सर्जन त्याचे उत्तर देतो.

जंगलातल्या रुग्णासाठी वेगळा हिशेब

भामरागडहून गडचिरोली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आणि तिथून नागपूर जवळपास तेवढेच पुढे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या नागपूरच्या वाचकांना नव्या नाहीत. रिकिबीच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे नाजूक असतात. अचानक भोवळ वाढली, ऐकू येणे घटले, तर त्याच दिवशी कान तपासला जाणे आवश्यक असते. पिस्टनभोवती द्रव गळत असेल किंवा आत सूज आली असेल, तर विलंबाची किंमत संपूर्ण कान ही असते. शहरातील रुग्ण रिक्षाने रुग्णालयात पोहोचतो. एटापल्ली तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या बाईचे काय?

हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून आणि गडचिरोलीची ‘सर्च’ ही संस्था १९८६ पासून या भागात काम करीत आहे. दोन्हीकडे बाहेरून तज्ज्ञ येऊन शस्त्रक्रिया शिबिरे होत आली आहेत आणि त्यांनी हजारोंचे भले केले आहे. तरीही प्रस्तुत लेखकाचे मत असे, की रिकिबीची शस्त्रक्रिया ही शिबिरात उरकण्याची गोष्ट नाही. हर्निया किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे मोजमाप इथे चालत नाही. शिबिराने करावे ते निदान: नादकाटा, श्रवणालेख आणि चिठ्ठी. शस्त्रक्रिया मात्र जिथे तोच सर्जन पंधरा दिवसांनीही भेटेल, अशा ठिकाणी व्हावी. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीच्या महाविद्यालयाला २०२४ साली मान्यता मिळाली, नागपूरला मेडिकल आणि मेयो आहेत, सेवाग्राम आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कानाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. तिचा पूर्वावतार असलेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. रिकिबीची शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेतून होते, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे.

भाषेचाही प्रश्न आहे. ही शस्त्रक्रिया अनेक ठिकाणी फक्त कान बधिर करून होते, कारण जागा रुग्ण भोवळ आल्याचे तत्क्षणी सांगू शकतो. रुग्ण माडिया किंवा गोंडी बोलणारा असेल आणि खोलीत ती भाषा समजणारे कोणीच नसेल, तर या पद्धतीचा अर्धा लाभ वाया जातो. शब्द ऐकवून होणाऱ्या तपासणीचेही तेच; मराठी शब्दांची यादी वाचून माडिया माणसाच्या कानाची परीक्षा घेता येत नाही. शुद्ध स्वरांची तपासणी मात्र कोणत्याही भाषेत सारखीच.

आणि मग उदरनिर्वाह. शस्त्रक्रियेनंतर निदान तीन-चार आठवडे जड उचलणे, जोराने नाक शिंकरणे, खाली वाकून जोर लावणे टाळावे लागते. तेंदूपत्त्याच्या हंगामात किंवा रोवणीच्या वेळी हे सांगणे म्हणजे घरच्यांना उपाशी राहा म्हणण्यासारखे आहे. मध काढण्यासाठी उंच झाडावर चढणाऱ्या माणसाने तोल जाण्याचा धोका पत्करावा की नाही, हे त्याने स्वतः ठरवायचे आहे. पण त्याला तो धोका सांगितला गेला पाहिजे. खाणकामगाराची गोष्ट निराळी. रिकिबीला एक बारीक स्नायू असतो, तो मोठ्या आवाजाला तिला आवरून धरतो. बहुतेक शस्त्रक्रियांत त्याची दोरी कापली जाते. ऐकू येऊ लागलेला कान पूर्वीपेक्षा उघडा पडतो. सुरुंगाच्या आणि यंत्रांच्या आवाजात परतणाऱ्याने कानात बोळे किंवा इयर मफ न चुकता घालावेत.

या सगळ्यामुळे श्रवणयंत्राचा पर्याय आधी मांडणे हे प्रामाणिकपणाचे ठरते. या विकारात नस सहसा चांगली असल्याने यंत्राचा उपयोग उत्तम होतो आणि धोका काहीच नाही. केंद्राच्या १९८१ पासूनच्या ॲडिप योजनेतून ते पात्र व्यक्तींना मोफत मिळते. त्याच्या अडचणी वेगळ्या: तालुक्याला मिळणारे बटणसेल, पावसाळ्यातील ओल, घाम, आणि तरुण मुलीच्या कानात यंत्र पाहून मोडणारे लग्न. शेवटचे कारण वैद्यकीय नाही, पण शस्त्रक्रियेचा निर्णय अनेकदा त्यावरच होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याचा एकच कान ऐकतो, त्या कानाला मात्र सर्जनने हात लावू नये. तिथे यंत्रच योग्य.

चंद्रपूरच्या संदर्भात फ्लोराइडचा उल्लेख टाळता येत नाही. १९६४ साली शॅम्बो आणि स्कॉट यांनी सोडियम फ्लोराइडने या विकाराचा वेग मंदावतो, असे सुचवले. पुरावा आजही अपुरा आहे आणि औषध कायमच्या उपचारात स्थिरावलेले नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळते. ते पाणी कानाला गुणकारी असेल, असा अर्थ कोणी काढू नये. त्याने दात आणि हाडे बिघडतात.

शस्त्रक्रिया पट्टीचे जखडणे दूर करते, विकार थांबवत नाही. काहींच्या बाबतीत तो पुढे अंतर्कर्णातही शिरतो आणि म्हातारपणी यंत्राची गरज लागू शकते. पिस्टन कशाचा आहे, कोणत्या मापाचा आहे, कोणत्या कानात आणि कधी बसवला, हे लिहिलेली चिठ्ठी रुग्णाने आधार कार्डाजवळ जपून ठेवावी. पुढे एमआरआय करण्याची वेळ आली तर ती पहिली विचारली जाईल.

बहुतेक रुग्णांचे दोन्ही कान जखडलेले असतात. दोन्ही एकाच वेळी उघडत नाहीत. अधिक बहिरा कान आधी घेतात, सहा महिने ते वर्षभर वाट पाहतात, आणि पहिला कान टिकला असेल तरच दुसऱ्याचा विचार करतात. गडचिरोलीच्या शेतकऱ्यासाठी ही मुदत सोयीची आहे. धान घरात आल्यानंतर आणि मोहफुले गळू लागण्यापूर्वी डिसेंबर-जानेवारीत एक कान, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यांत दुसरा.